काना-मात्रा नसलेला कागद

मला येते ती शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली हिब्रू. तरुणपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकले. तिथं अक्षरांखाली ठिपके-रेघा असतात, आपल्या काना-मात्रांसारखे ते स्वर सांगतात, म्हणून मी निर्धास्त. पण मुलीला हवी होती आजची, बाजारातली हिब्रू. नर्सिंग झालेली ही पोर इस्रायलला एका म्हातारीची सेवा करायला जायचं म्हणत होती. तिकडे पाट्या काय, औषधांची खोकी काय, सगळं ठिपक्यांशिवाय छापतात. नुसती व्यंजनं पुढ्यात टाकायची आणि म्हणायचं, घ्या वाचून! मला तर रागच आला.

तरी शिकवलं. ती ड्यूटीवरून आली की आमच्या केडगावच्या स्वयंपाकघरात बसायचो. ठिपके नसले की शब्दाचा साचा ओळखायचा, हे मी तिला आजारांवरून सांगितलं. सर्दी म्हणजे नाझेलेत, कावीळ त्साहेवेत, दाह दालेकेत. मूळची तीन अक्षरं बदलतात, मधले स्वर तेच, शेवटी त. कुत्रा केलेव, तर कुत्रं पिसाळतं तो रोग कालेवेत. ती भराभर शिकत होती आणि माझी धास्ती वाढत होती. तिकडे रॉकेट आलं की भोंगे वाजतात, माणसं तळघराकडे पळतात, हे मी रोज मोबाईलवर बघत होते. माझ्याच शिकवण्यानं ती तिथं जाणार. आणि मुलाखतीत नापास झाली, तर एवढी धडपड केलेली पोर खचणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नवरा सुप्याच्या कारखान्यातून आला की डबा ठेवता ठेवता म्हणायचा, "पास झाली तरी तुला घोर, न्हाई झाली तरी घोर. तुला नेमकं पायजे तरी काय?"

"तुम्ही हातपाय धुवा आधी," मी म्हणायचे.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. म्हातारी खुर्चीत, शेजारी तिचा मुलगा. त्यानं औषधाच्या सूचनांचा छापील कागद कॅमेऱ्यापुढं धरला आणि वाच म्हणाला. त्यावर एकही ठिपका नव्हता. मी मुलीच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसलेली. आणि आमची बाई ओढणी डोक्यावर घेऊन चक्क उठून उभी राहिली! आमच्या चर्चमध्ये शास्त्रवाचन बसून कोणी करत नाही, आणि हिब्रू म्हटलं की उभ्यानं, ही सवय मीच लावलेली. तिनं तो कागद वाचला. सर्दीत दिवसातून दोनदा, जेवणानंतर, आणि तेही थेट स्तोत्राच्या चालीत! पलीकडून मुलाच्या हसण्याचा आवाज आला. म्हातारीनं त्याला गप्प केलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एक शब्द चुकला नाही. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीतीही.

मग म्हातारीनं स्वतः प्रश्न विचारला. इतक्या सावकाश, की मलाही समजला. "भोंगा वाजला तरी मला जिना उतरता येत नाही. तू मला वर सोडून पळशील?"

वाटलं, आता तरी ही थांबेल, माझ्याकडे बघेल. मी मनात घोकत होते, पळेन म्हण, बाई, पळेन म्हण.

"लो," ती लगेच म्हणाली, आणि वर हसलीसुद्धा. नाही पळणार.