झटका स्टुडिओ आणि मधलं चित्र

नागभीडला आमचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. सुधाकरभाऊ कॅमेरा धरतात, मी कॉम्प्युटरवर बसतो. एडिटिंग मला कोणी शिकवलं नाही. चुकलं की वहीत लिहायचं, जमलं की तेही लिहायचं. अशा तीन वह्या भरल्या. आता सेटिंग शोधायला वही उघडावी, तर पानापानावर माणसंच भेटतात!

सुरुवातीला आमचे व्हिडिओ अडकत अडकत चालायचे. नवरदेव घोड्यावरून उतरायचा तो तीन झटक्यांत. लोकांनी दुकानाला नावच ठेवलं, 'झटका स्टुडिओ'! ते नाव पुसायचं, एवढाच माझा ध्यास.

*

एकदा मुलीचे वडील पेन ड्राइव्ह घेऊन आले.

"भाऊ, पोरगी सासरी जाऊन राह्यली का उड्या मारून राह्यली?"

तीन दिवस शोधलं. अर्धं शूटिंग कॅमेऱ्याचं, सेकंदाला पंचवीस फ्रेमचं, म्हणजे पंचवीस चित्रांचं. अर्धं पाहुण्याच्या मोबाइलचं, तीस फ्रेमचं. दोन्ही एका मापात आणलं आणि पोरगी रडत रडत, पण नीट चालत सासरी गेली. वडील खूश!

*

शाळेच्या वंदनाबाईंनी गॅदरिंगचा व्हिडिओ चार वेळा परत पाठवला. "अजून अडकतेच!"

शेवटी मी लॅपटॉप घेऊन शाळेत गेलो. लॅपटॉपवर मुली पाण्यासारख्या नाचल्या. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याच मुली पुन्हा अडकल्या.

बाई म्हणाल्या, "मंग आम्ही इतके दिवस तुम्हाले काऊन शिव्या देऊन राह्यलो?"

*

पुढे मला एक युक्ती सापडली. दोन फ्रेमच्या मध्ये जागा उरली, की सॉफ्टवेअर अंदाजानं मधलं चित्र तयार करून भरतं. हालचाल लोण्यासारखी! मी लगेच एका लग्नाला लावली. हार घालताना नवरीच्या हाताला सात बोटं निघाली.

आधी सासूनं पाहिलं. "काऊन हो, फोटोत तं पाचच होती!"

वहीत लिहिलं : 'युक्ती जपून वापरणे.'

*

आणि तरी ती शंकरपटात वापरली. धान निघाल्यावर जवळच्या एका गावात छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्यांची शर्यत होती; शूटिंग आमचं होतं. शेवटच्या फेरीत नामदेवभाऊ आणि मारोतीभाऊ यांच्या जोड्या रेषेवर एकदमच आल्या. पंचांना ठरवता येईना.

नामदेवभाऊ माझ्याजवळ आले. "चार वर्सं झाली, एकदाबी पयला नंबर नाई. आता तुमच्याच हाती हाय, भाऊ."

मंडपात लॅपटॉप ठेवला. व्हिडिओ हळू केला, तर बैल झटके देत पळू लागले. मागून आवाज आला, "झटका स्टुडिओ!"

मला ते लागलं. मी युक्ती लावली. बैल लोण्यासारखे सरकले, आणि रेषेवर नामदेवभाऊंच्या बैलाचं नाक बोटभर पुढे! एकच आरडाओरडा. नामदेवभाऊंवर गुलाल पडला. कोणी तरी म्हणालं, "वा! झटका गेला!"

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं. सवयीप्रमाणे मी वहीसाठी फ्रेम मोजायला बसलो. ज्या चित्रावर निकाल लागला, ते कॅमेऱ्यात नव्हतंच! ते सात बोटांच्या घराण्यातलं होतं.

मी उभा राहिलो. "थांबा. हे चित्र कॅमेऱ्याचं नाही. कॉम्प्युटरनं मनानं काढलं आहे."

खऱ्या फ्रेम दोनच होत्या. पहिलीत दोन्ही जोड्या रेषेच्या अलीकडे, दुसरीत दोन्ही पलीकडे. सुधाकरभाऊ कानात म्हणाले, "आता गाडीत बसू, चला."

नामदेवभाऊंनी दुपट्ट्यानं गुलाल पुसला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उसना नंबर मले नाई पायजे. सोडा जोड्या पुन्हा!"

जोड्या सुटल्या. नामदेवभाऊंची जोडी अख्खा छकडा पुढे! रेषेपलीकडून ते ओरडले, "ओ भाऊ, आता लावा तुमचं स्लो मोशन!"

पंचांनी तिथंच सांगितलं, "पुढच्या सालीबी कॅमेरा तुमचाच."

*

आठ दिवसांनी मारोतीभाऊ दुकानात आले. दार लोटलं, स्टूल जवळ ओढलं.

"पयल्या शर्यतीचा व्हिडिओ हाय का?"

"आहे."

"ते कॉम्प्युटर मनानं चित्र काढते ना?"

"काढतं."

मारोतीभाऊंनी आवाज खाली आणला.

"मंग त्याले सांगा ना, माह्या बैलाचं नाक थोडं पुढं काढाले. मी घरी जिंकलो म्हणून सांगून बसलो!"