सांगलीहून आलेलं पत्र

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगावं की नाही, अजून ठरत नाही — कारण ऐकून तुम्ही आधी काय विचाराल ते मला ठाऊक आहे. भर दुपारी ही मुलगी मागच्या दारी काय करत होती? सगळे तेच विचारतील. म्हणूनच तर.

बेचाळीसनंतरचे दिवस. वडील मेढ्याला कचेरीत कारकून. भूमिगतांच्या धास्तीनं कोणी कोणाकडे सरळ पाहत नव्हतं. पोस्टमन दारात जरा जास्त थांबला तरी आई आतून कडी लावायची. मी पाचगणीची इंग्रजी शाळा संपवून घरी बसलेली. तोंड उघडलं की लोक माझ्या मराठीला हसत, म्हणून उघडतच नसे.

आमच्या मागच्या दारच्या विहिरीचा खडक फोडायला ज्ञानू येई. सुरुंग लावणारा माणूस. दुपारी तो काठावर भाकरी खायचा आणि मी — हो, मी तिथे जाऊन बसायची. तो हसत नसे. त्या दिवशी मी त्याला भूगोलातलं चित्र दाखवत होते: जमीन दोन्हीकडून ताणली जाते, भेगा पडतात, मधला पट्टा खचून दरी होते. ताण साठतो आणि कधीतरी सुटतो.

"मंजी जिमीनबी आतनं तानात असती व्हय, ताईसाब? आमच्या कारभारनीवानी!"

मी हसत होते तेवढ्यात बादलीतलं पाणी थरथरलं, मग गडगडाट झाला, विहिरीत दगड कोसळले. क्षणभरच.

गावात चावडीची मागची भिंत पडली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं ठरलंसुद्धा — धरणीकंप कसला, बॉम्बच. आणि सुरुंगाची दारू कोणाजवळ असते? फौजदार ज्ञानूला घेऊन आमच्या अंगणात आला.

"मी हितंच व्हतो सायेब, भाकरी खात."

"कोणी पाहिलं?"

त्या दुपारी वडील कचेरीत होते, आई शेजारी गेलेली. फौजदारानं आणि ज्ञानूनं, दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, मी झोपले होते.

ज्ञानूनं मान खाली घातली. माझं नाव काढलं नाही. का? मला सांभाळलं? की पुढे कधीतरी वापरायला राखून ठेवलं? — पाहा, मी त्याच्या चांगुलपणावरही संशय घेतला. त्याला साताऱ्याला नेलं.

पण सांगायचं आहे ते हे नव्हे. एवढंच असतं तर मी घाबरले म्हणून मोकळी झाले असते.

आठवड्यानं सांगलीच्या मावशीचं पत्र आलं, माझ्या नावावर. 'त्या दुपारी आमच्या फडताळातली भांडी खाली आली. तुमच्याकडेही हललं का गं?' मेढ्यातल्या कोणत्या सुरुंगानं सांगलीची भांडी पडतात? ते पत्र वडिलांच्या हातात ठेवायचं, बस्स. त्यात मी कुठेच नव्हते. मला कोणी काही विचारलं नसतं.

मग का नाही दिलं? ज्ञानू सुटला असता, विहिरीवर परत आला असता आणि माझ्याकडे पाहिलं असतं. ती नजर मला नको होती. तो आत असलेला मला बरा वाटला.

तो शिक्षा भोगून आला तो खोकतच. पुढचा पावसाळा त्यानं काढला नाही.

पत्र मी, आलं त्याच दिवशी, न्हाणीघरातल्या बंबात टाकलं होतं. मावशीचा कागद जाड असे; पेटायला वेळ लागला. मी तिथेच उभी होते. माझे हात मोकळे होते.