साडूभाऊंनी बेसिनमध्ये ओतलेली स्कॉच

मंडळी, आज दुपारी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला रात्रीचा घास उतरणार नाही.

भाच्यानं स्कॉटलंडहून सिंगल माल्ट आणली होती. दलदलीतली माती जाळून तिच्या धुरात बार्ली सुकवलेली, आणि वाइनच्या जुन्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली. गारखेड्यातल्या आमच्या घरात असली बाटली पहिल्यांदाच आली.

चवीतलं कळणारं माणूस सोबत हवं म्हणून साडूभाऊंना बोलावलं. नामांतराच्या आंदोलनाच्या दिवसांत ते वाळूजला बिअरच्या कारखान्यात लागले. निवृत्तीपर्यंत बिअर चाखून दोष काढणं, हेच त्यांचं काम.

मी पहिला घोट घेतला. आधी नुसता धूर, मग हळूच काळ्या मनुकांचा गोडवा. डोळेच मिटले. थोडं पाणी घालून बघावं म्हणून आत गेलो.

परत येतो तर साडूभाऊ बेसिनपाशी उभे, हातात रिकामी बाटली.

"दवाखान्यासारखा वास मारत होती," ते म्हणाले. "आमच्याकडं असा वास आला की अख्खी टाकी गटारात सोडून द्यायचो. पोराला फसवलं कुणीतरी. तुम्ही लई नाय ना घेतली?"

"अहो, हा वास मुद्दाम आणतात."

"मुद्दाम कोण नासवंल?"

वर मलाच लिंबूपाणी पाजून गेले.

इतक्या काळजीनं वाटोळं करणाऱ्या माणसाला तुम्ही काय बोलता? बेसिनला अजून तो वास येतोय, आणि मी संध्याकाळपासून उगाच हात धुवायला जातोय.