धाकट्या हाताची गाठ

दसऱ्याच्या माळेची शेवटची गाठ आमच्या घरात सगळ्यांत धाकट्या हाताने मारायची. फुलं लावणाऱ्या सगळ्या घरांत हा रिवाज आहे की फक्त आमच्या, हे मी कधी विचारलं नाही. मी या घरात लग्न होऊन आले ती नाशिक शहरातल्या दोन खोल्यांतून, पुस्तकांच्या दोन खोक्यांसह. झेंडू मला तोवर देवळाबाहेरच्या टोपलीतलाच माहीत होता. आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला, पाटाच्या खालच्या अंगाला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करायची आणि संध्याकाळी घरी यायची ती फुलांच्या वासात.

नवऱ्याला मी घरात ‘अहो’ म्हणायची आणि लेक ‘पप्पा’. लिहिताना ‘अहो’ लिहिता येत नाही, म्हणून इथे पप्पाच लिहिते. पप्पा या श्रावणात गेले. त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणून बसले की आधी ती माळच डोळ्यांपुढे येते.

माळेची फुलं ते सकाळी कधी तोडत नसत. दव वाळू द्यायचं, ऊन अंगावर येऊ द्यायचं, मग तोडायची. ओलं फूल दोऱ्यात काळं पडतं. बाजाराची फुलं पहाटे जात, पण घरच्या दाराची माळ म्हणजे दुपारचं काम. ओट्यावर गोणपाट अंथरलेलं, त्यावर झेंडूचा ढीग, बाजूला आंब्याची पानं आणि भाताच्या दोन-चार लोंब्या. पप्पा दाभणाने ओवत जायचे आणि लेक पालथ्या क्रेटवर बसून पानं पुरवायची. दाराचं माप ते स्वतःच्या हाताने घेत आणि वर थोडी माळ जास्तच ठेवत. माझ्या जाऊबाई शेजारीच राहतात. त्या दर वर्षी म्हणायच्या, “भावजी, माळ लोंबती मधी. माप चुकलं.”

“चुकलं नाही वहिनी, तिला बसायला जागा ठेवली,” पप्पा म्हणायचे.

शेवटचं फूल ओवून झालं की ते दोऱ्याची दोन्ही टोकं लेकीपुढे धरत. तिचं बोट हातात घेऊन दाखवत, “दोरा आधी फुलाखालून घे. वरून घेतला की फुलाचा गळा कापतो.” ती मोठी झाली, तिला येत होतं, तरी ते बोट धरतच असत. तीही धरू द्यायची.

दहावीनंतर तिला डॉक्टर व्हायचं होतं. नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे, खरंच व्हायचं होतं. तिच्या वर्गातल्या मुली एकेक करून ‘इंटिग्रेटेड’ला चालल्या होत्या. म्हणजे कॉलेज आणि क्लास एकाच आवारात, राहणं तिथेच, जेवण तिथेच, अकरावी-बारावीची दोन वर्षं ‘नीट’ परीक्षेच्या तयारीची. आम्ही तिघं चौकशीला गेलो ती जागा हायवेच्या पलीकडे होती. थंडगार खोलीत एका तरुण मुलीने आम्हाला रंगीत कागद दाखवले. फी वेगळी, हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी, टेस्ट सिरीज वेगळी, टॅब सक्तीचा. मी कागद वाचत होते. पप्पांनी तो हातातही घेतला नाही. त्यांनी एकच विचारलं, “दसऱ्याला सोडता ना घरी?”

ती मुलगी हसली. “सर, इथे सुट्टी मोजणारी मुलं नको असतात आम्हाला. दिवाळीला देतो ना तीन दिवस.”

पप्पा लेकीकडे बघत राहिले. ती म्हणाली, “दोनच वर्षं आहेत पप्पा.” बाहेर आल्यावर स्कूटरला किल्ली लावताना तेही स्वतःशी तेच म्हणाले, दोनच वर्षं आहेत.

फीसाठी मळ्याचा मोठा भाग आम्ही एका नर्सरीवाल्याला खंडाने दिला. मोगरा काढला, शेवंती काढली, तिथे हिरव्या जाळीखाली द्राक्षाची रोपं आली. नर्सरीवाल्याला देखरेखीला माणूस हवा होता. पप्पाच राहिले. “स्वतःच्या बांधावर हजेरी लावणारा नाशकात मी एकटाच असेन,” असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुण्यांआधी स्वतः हसायचे. विहिरीजवळचा एक पट्टा मात्र त्यांनी दिला नाही. दसऱ्याचा झेंडू त्यात व्हायचा. नर्सरीवाला मागत होता, पैसे बरे देत होता. पप्पा म्हणाले, “फुलवाल्याच्या दाराला विकतची माळ? लोक काय म्हणतील ते सोडा, दारच काय म्हणेल?”

जाऊबाईंना हे सगळंच पटलं नव्हतं. “एवढ्या पैशात सगळ्या मळ्याला ठिबक झालं असतं,” त्या मला म्हणायच्या. “आन् पोरगी घरात ऱ्हायली असती ते येगळंच.”

फीचा हप्ता भरायला गेलं की खिडकीपुढे पालक भेटायचे. येवल्याच्या एक बाई ओळखीच्या झाल्या. त्यांचे मिस्टर मागावर पैठणी विणतात. त्या म्हणायच्या, “ताई, आमच्या घरातून इतक्या पैठण्या गेल्यात ह्या खिडकीत, आणि मी नेसून आले बघा ही, धुवून धुवून पोतेरं झालेली.” मागे लासलगावचे एक कांदेवाले उभे असत. ते म्हणायचे, “कांदा चढला की हप्ता मी भरतो. पडला की सासरा.” सगळे हसायचे. खिडकीतला माणूस मान वर न करता पावती फाडायचा.

घरात संध्याकाळी आवाज राहिला नाही. रविवारी ठरलेल्या वेळी हॉस्टेलमधून फोन येई. तो यायच्या आधीच पप्पा हात धुवून फोनजवळ बसत आणि फोन आल्यावर मात्र “जेवलीस का?” एवढंच विचारून तो माझ्याकडे देत. मी बोलत असताना बाजूला उभे राहून ऐकत.

पहिला दसरा आला. त्या दिवशी सकाळी तिची टेस्ट होती. आदल्या दुपारी पप्पांनी माळ ओवली, शेवटचं फूल घातलं आणि दोन्ही टोकं मोकळीच ठेवली. मला वाटलं, यंदा मलाच गाठ मारायला सांगतील. ते म्हणाले, “सकाळी लवकर निघू.”

ओल्या फडक्यात माळ गुंडाळून आणि तिच्या खोलीतल्या मुलींसाठी पाटीभर सुटी फुलं घेऊन आम्ही स्कूटरवरून गेलो. गेटवरच्या वॉचमनने पाटी बघितली आणि काठीने दाखवलं, “फुलवाल्यांनी तिकडं कोपऱ्यात बसायचं.” पप्पांना वाटलं, आज सणाची फुलं घेऊन भेटायला आलेल्या पालकांना तिथे बसवत असतील. ते जाऊन बसले, पाटी पुढ्यात ठेवून. माझ्या लक्षात येईपर्यंत दोन बायका पुढे वाकल्या होत्या.

“झेंडू कसा दिला?”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते पाटी मांडून बसणाऱ्या माणसाचं हसू आलं. “तुम्ही बोला ताई. सणाचा दिवस आहे.”

“बाजारात याच्यापेक्षा स्वस्त आहे हो.”

“मग बाजारातल्या दाराला लावा. हा घरचा आहे.”

बघता बघता पाटी रिकामी झाली. शेवटी वॉचमनच आला, गाडीला माळ हवी म्हणून, तेव्हा पप्पा म्हणाले, “साहेब, मी फुलवालाच आहे, पण आज बाप म्हणून आलोय. आत अकरावीला पोरगी आहे माझी.” वॉचमन इतका ओशाळला की त्याने टेस्ट संपताच तिला स्वतः बोलावून आणलं.

ती पांढऱ्या गणवेशात धावत आली. गेट उघडायची परवानगी नव्हती. पप्पांनी गजांतून माळेची दोन टोकं आत दिली, मग हात आत घातला आणि तिचं बोट धरलं. “दोरा आधी...”

“फुलाखालून. माहितीये पप्पा.” ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. मागे घंटा झाली. ती पळाली.

परतताना पप्पा खुशीत होते. “कॉलेजच्याच दारात बसून कॉलेजची फी काढली आज,” असं ते वाटेतल्या सिग्नलला मागे वळून मला म्हणाले. माळ दाराला लागेपर्यंत दुपार झाली. जाऊबाई म्हणाल्या, “लोंबतीच हाय.”

पुढच्या दसऱ्याला वॉचमनने गाडी धुवून उभी ठेवली होती. पप्पांनी त्याच्यासाठी वेगळी माळ नेली. लेक या वेळी चालत आली, हाताखाली वही होती, डोळ्यांखाली काळं होतं. गाठ मारली, “घरी कसंय?” विचारलं आणि गेली.

मे महिन्यात परीक्षा देऊन ती घरी आली. किती दिवस ती नुसती झोपत होती. मग एका सकाळी उठून विहिरीकडे गेली. जूनच्या शेवटी तिने आणि पप्पांनी मिळून झेंडूची रोपं लावली. मी चहा घेऊन जायची तेव्हा दोघं बांधावर बसलेले असत, पायाला चिखल, आणि काही फारसं बोलत नसत. निकाल लागला होता. सरकारी मेडिकलला पुरतील एवढे मार्क नव्हते, खाजगीचा विचारही शक्य नव्हता. तिने फिजिओथेरपीसाठी अर्ज भरला. पप्पा म्हणाले, “माझी पाठ पहिली पेशंट.” त्या दोन वर्षांत जे राहून गेलं होतं, ते त्या थोड्या आठवड्यांत ते भरून काढत होते असं मला आता वाटतं. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. माझ्या मनात चहा निवतोय एवढंच असायचं.

श्रावणात पाटाला पाणी सुटलं. ते बघायला गेले आणि बांधावरच बसले ते उठले नाहीत.

झेंडू मात्र वेळेवर आला. दसऱ्याला पट्टा केशरी झाला. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या होत्या, लेक घरी होती, तिला आता सुट्टीच सुट्टी. आणि आमच्याकडे वर्षभर सण नव्हता, दाराला तोरण लागणार नव्हतं. मी तिला म्हटलं, फुलं तशीच राहू दे. जाऊबाईंनी मला गप्प केलं. “झाडाला सुतक नसतंय. भावजींनी लावलंय, त्ये तोडायचं. आपल्या दाराला नाय तर दुसऱ्याच्या.”

दव वाळल्यावर आम्ही तिघींनी तोडलं. बाजाराचं बाजाराला गेलं. लेकीने ओट्यावर बसून एक माळ ओवली, आमच्या दाराच्या मापाची, वर थोडी जास्त. शेवटचं फूल घातलं आणि टोकं मोकळी ठेवली. मी फडकं भिजवून आणलं. दसऱ्याच्या सकाळी तिने स्कूटर काढली, मी मागे बसले, मांडीवर ओलं फडकं.

वॉचमनने लांबूनच ओळखलं. “आज बाबा नाय आले?”

लेकीने सांगितलं. त्याने गेटचा गज धरला. मग त्याने माळेकडे बघितलं, “गाठ ऱ्हायली हिची.”

“सगळ्यांत धाकट्याने मारायची असते, काका. आमच्याकडे यंदा नाही चालत.”

“अकरावीची एक पोरगी हाय, हितं सगळ्यांत धाकटी. सुरगाण्याकडची. रोज येऊन विचारती, फोन कधी मिळंल. थांबा.”

ती आली. केस घट्ट बांधलेले, गणवेशाला अजून घडीच्या रेषा. काय करायचं ते तिला कळेना. लेकीने दोन्ही टोकं गजांतून आत दिली, मग हात आत घातला आणि तिचं बोट धरलं.

“दोरा आधी फुलाखालून घे.”

“असं?”

“हां. आता ओढ.”

“ही कोणाच्या दाराला?” मुलीने विचारलं.

“ह्याच.”

वॉचमनने स्टूल आणून माळ गेटमधल्या छोट्या दाराच्या कमानीला बांधली. मधे ओघळली होती. तो म्हणाला, “जरा वर घेऊ का?”

“नको,” लेक म्हणाली. “राहू द्या.”