पूर्णाकाठच्या खापरांतलं मीठ

भुसावळला उतरलो तेव्हा आधी हात बॅगेच्या कुलपाकडे गेला. माझा स्वभावच संशयी. शेजारच्यानं वर्तमानपत्र मागितलं तरी मी आधी खिसा चाचपतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत जुनी खापरं तपासणं हे माझं काम. समुद्रापासून इतक्या लांब, पूर्णेच्या काठी, फार पूर्वी लोक खारं पाणी आटवून मीठ काढत असावेत, असं मी म्हणतो आणि सहकारी हसतात. खापराच्या आतल्या अंगाला बाहेरच्यापेक्षा जास्त मीठ निघालं, तरच त्यांची तोंडं बंद होणार होती.

केळीच्या बागांमधून एसटीनं गावाच्या फाट्यावर सोडलं. ज्यांच्या शेतात पांढरी (जुन्या वस्तीचं टेकाड) आहे, त्या आबांकडे मुक्काम होता. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, चहा दिला. पहिलाच घोट खारट! मी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पाहतं काय असं? इथलं पानीच खारं हाये, बाप्पा," ती म्हणाली.

पांढरीवर खापरं वेचू लागलो तशी बांधावर माणसं जमली.

"साहेब, खरं सांगा, हंडा कुठी हाये?" एकानं विचारलं.

"अहो, फुटकी गाडगी नेतोय!"

"फुटक्या गाडग्यासाठी पुन्याहून कोन येतं?"

आबा मात्र माझी पिशवी न्याहाळत होते, आणि मला तेच जास्त खटकलं.

संध्याकाळी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) ठेच्याबरोबर हाणली. खापरांच्या पिशवीला माझी खास गाठ मारली, शिवाय एक खापर वेगळं काढून शर्टात गुंडाळून उशाशी घेतलं. सकाळी पाहतो तर पिशवीची गाठ वेगळीच! माझं डोकंच फिरलं.

"आबा, तुमच्या घरात चोऱ्या होतात का हो?" मी भर ओसरीत ओरडलो. आबांचा चेहरा पडला.

अक्का आतून आली. "मीनं सोडली गाठ. मेलेल्या मानसाईचं खापर तू घरात आनलं. तुले बाधू नये म्हनून मीठ टाकलं त्याच्यात."

पिशवी उलटी केली. खडेमीठ ओसरीभर सांडलं. ज्या मिठाचा माग काढायला आलो, तेच वरून ओतलेलं! हसावं की रडावं कळेना. "पुन्हा वेचू द्याल?" मी आबांना विचारलं.

"आता नई, साहेब. चोराच्या शेतात कायले पाय ठेवता?"

पुण्यात येऊन शर्टातलं एकमेव खापर तपासलं. आतल्या अंगाला मीठ जास्त, बाहेर कमी. मी आनंदानं टाळी वाजवली, आणि लगेच शंका आली. मी झोपल्यावर अक्कानं यालाही चिमूटभर लावलं असेल तर? आबांना फोन केला. माझा आवाज ऐकताच त्यांनी तो अक्काकडे दिला.

"अक्का, माझ्या उशाशी शर्टात एक खापर होतं. त्यालाही मीठ लावलं होतं का तुम्ही?"

"नई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पन चोराच्या घरच्या बाईचा शबूद तुले चालीन का, बाप्पा?"

चालेल म्हणायला मला थोडा वेळ लागला. तोवर तिनं फोन ठेवला होता.