झाकलेला बोर्ड

दिल्लीत लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि इकडे डोंबिवलीच्या खाडीकाठी पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज पडायला लागलं. तुम्ही म्हणाल, याचा त्याच्याशी काय संबंध? सांगते.

मी बोर्ड रंगवते. शिकवलं कुणी नाही, बघून बघून हात बसला. खाडीच्या चिखलात तिवरांची झाडं असतात ना, ती वाचवायला केंद्राची एक योजना आलेली. तिचा बोर्ड मीच केलेला. वर नेत्यांचा मोठा फोटो आणि योजनेचं नाव, खाली लाल अक्षरांत ‘येथे भराव टाकणे गुन्हा आहे’.

आचारसंहिता लागली की नेत्यांचे फोटो झाकायचे, मतदारांवर छाप पडू नये म्हणून. योजनेच्या ठाण्यातल्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला आणि मी अख्खा बोर्ड पांढऱ्या कापडात गुंडाळून आले. सगळीकडे असंच करतात.

थोड्याच दिवसांत यमुनाबाय घरी आली. ही खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडते, त्यावरच तिचं घर चालतं. डंपर येतात म्हणाली. ड्रायव्हरला हटकलं तर तो म्हणतो, बोर्ड कुठाय दाखव.

"तूच झाकलंस नं गो बाय? आता चिंबोऱ्या काय डेब्रिजमदी पकरू?"

तिला घेऊन ऑफिस गाठलं. साहेब माणूस चांगला, पण तक्रारीला घाबरणारा. मी म्हटलं, फोटोपुरतंच झाकते. तर म्हणे, आदेशात बोर्ड लिहिलंय, अर्धा बोर्ड नाही. मग नवा करू? आचारसंहितेत नवीन काम काढता येत नाही. निकालापर्यंत थांबा.

"तवर खाडी उरंल का, साहेब?" यमुनाबायने विचारलं.

साहेबांनी आदेश पुन्हा वाचला. मग हळूच मला म्हणाले, "काकू, झाकावा एवढंच आहे यात. कापड कोरंच हवं असं कुठे लिहिलेलं नाही."

त्याच दुपारी मी कापडावर ती लाल ओळ लिहिली, दुप्पट मोठी. कापड रंग फार पितं, दोन हात द्यावे लागले. यमुनाबाय शिडी धरून खालून सांगत होती, अजून जाड कर.

पुढचा डंपर आला तेव्हा तिने कापडाकडे बोट दाखवलं आणि पोलिसांना फोन लावला. तो मागे फिरला. हळूहळू येणंच थांबलं. आधी पडलेलं डेब्रिज मात्र अजून तिथेच आहे, त्याखालची तिवरं गेली ती गेलीच.

निकाल लागला. मंत्री बदलले, योजनेचं नाव बदललं. साहेब म्हणाले, नवा फोटो येईपर्यंत कापड राहू द्या.

आता सरकारी ऑर्डर घेताना मी आधीच सांगते, फोटोचा बोर्ड वेगळा करा, सूचनेचा वेगळा. फोटो दर निवडणुकीला झाकावा लागतो, सूचना झाकून चालत नाही.