मुकुंदवाडीच्या फलाटावरची नवरी

काल एका सहकाऱ्याच्या लग्नात निशिगंधाच्या हारांचा वास आला आणि मला मुकुंदवाडी स्टेशनचा फलाट आठवला.

कॉलेजात सरांनी गाजलेल्या चित्रपटांतले प्रसंग आम्हालाच चित्रित करायला लावले होते. आमच्या वाट्याला नवरीच्या निरोपाचा प्रसंग आला. मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर मी मुंडावळ्या, हार, खोटं मंगळसूत्र घालून उभी होते. शेजारी वर्गातलाच नवरदेव. वर्गातल्या इरफाननं कॅमेरा लांब, चहाच्या टपरीआड लावला होता.

पॅसेंजर थांबली आणि तिच्यातून नामदेवकाका उतरले, माझे सख्खे चुलते. दहावीपुढं शिकणारी घरात मी पहिलीच. "काही वावगं कानावर आलं, तर त्याच दिवशी गावी, पाचोडला परत," असं वडिलांनी बजावलं होतं.

काका जवळ आले. 'शूटिंग' एवढा साधा शब्द तोंडातून निघेना.

त्यांनी नवरदेवाला खालीवर न्याहाळलं. "कवा केलंस गं हे?"

मला रडूच फुटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको. दादाला मी सांगतो. पण शिक्षण सोडायचं नाय."

"चाचा, बाजू हटो ना, शूटिंग चालू है!" इरफान ओरडला.

काका ओशाळून हसले, पण डोक्यावरचा हात थरथरतच होता. तेव्हा मला तो राग वाटला. आज त्यांच्या वयाला पोचल्यावर कळतं, थोरल्या भावापुढं, माझ्या वडिलांपुढं, उभं राहायची भीती माझ्याइतकीच त्यांनाही होती. तरीही ते "मी सांगतो" म्हणाले होते.